तिप्पण्णा आणि तीन सेकंद

मला राग लवकर येतो, तिप्पण्णाला येतच नाही. वीस वर्षांची आमची ओळख ह्या एका फरकावर टिकली असावी. औरादच्या बाजाराच्या रस्त्यावर माझं दुकान. आधी तिथं एसटीडी बूथ होता, मग झेरॉक्स आली, मग इंटरनेट. ह्यातलं प्रत्येक यंत्र तिप्पण्णानं जोडलेलं. यंत्र नीट चाललं की मी गिऱ्हाइकांना सांगायचो, बघा, आमचं काम कसं असतं. तो तेव्हा स्टुलावर बसून चहा पीत असायचा.

तो कोहिनूर गावचा. बाप लिंगाप्पा मेंढरं राखायचा. चरायला रान उरलं नाही तशी मेंढरं विकली आणि घर मजुरीला लागलं. तिप्पण्णा दहावी करून चौऱ्याण्णव साली टेलिफोनची केबल पुरणाऱ्या टोळीत गेला. चर खणता खणता वायर जोडायला शिकला. कामाच्या मागं फिरत औरादला आला आणि इथलाच झाला. पुढं त्यानं पाण्याच्या टाक्यांवर अँटेना चढवून सोळा गावांतली केंद्रं माझ्या दुकानाशी जोडली. पोरांचे निकाल, शेताचा पहाणी-उतारा, पेन्शनीचे कागद, सगळं त्या अँटेनांवरून यायचं. सावकाश यायचं, पण यायचं.

दोन हजार आठ साली हैदराबादला एक परिषद भरली. इंटरनेटवर एका यंत्रानं दुसऱ्याशी कसं बोलायचं, ह्याचे नियम ठरवणारे जगभरचे लोक तिथं येणार होते. आडगावी जाळं चालवणाऱ्या काही जणांना फुकट बोलावलं होतं. मी दोघांचा अर्ज भरला, आणि आश्चर्य म्हणजे दोघांनाही पास आले.

कार्यक्रमाची पत्रिका वाचताना एका नियमाच्या मसुद्यावर माझं बोट थांबलं. समोरच्या यंत्रानं तीन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर ते मेलं असं समजायचं आणि जोडणी तोडायची. पुढं येणारी सगळी यंत्रं ह्याच नियमानं बनणार होती. तिप्पण्णानं वाचलं आणि बराच वेळ पत्रिका खाली ठेवली नाही.

"आपल्याकडं दुपारी सहा सेकंद लागत्यात," तो म्हणाला. "हे झालं तर सोळाबी गावं तुटतील की, सुनीलअप्पा."

"मग तिथं जाऊन सांग."

"म्या?"

"मग काय मी? अँटेना तूच चढवल्यास न्हाई का."

मी त्याला इंग्रजीत चार वाक्यं लिहून दिली. आमच्याकडं उत्तराला सहा सेकंद लागतात. यंत्र मेलेलं नसतं, सावकाश असतं. तीनाचा नियम झाला तर सोळा गावं तुटतील. आकडा नऊ करा. बसमध्ये जहीराबादपर्यंत त्यानं ती घोकली. हैदराबाद येईस्तोवर मलाही पाठ झाली होती.

परिषद एका मोठ्या हॉटेलात होती. पहिल्यांदा येणाऱ्यांच्या पासाला हिरवी फीत लावत होते. त्यांच्यासाठी वेगळी बैठकही होती, तिथं आम्हांला रीत समजावून दिली. इथं मतदान नाही, हात वर करणं नाही. ज्यांना एखादी गोष्ट पटते त्यांनी तोंड मिटून हुंकार भरायचा, मग ज्यांना पटत नाही त्यांनी. कुठला आवाज मोठा ते अध्यक्ष ऐकणार. मला हसू आवरेना. तिप्पण्णा मात्र मन लावून ऐकत होता.

मुख्य सभेपेक्षा त्याचा जीव रमला बाजूच्या खोल्यांत. एका खोलीत लोक आपापली यंत्रं घेऊन आले होते आणि ती एकमेकांशी बोलतात का ते बघत होते. टेबलाखाली वायरींचं जंजाळ. एक यंत्र काही केल्या बोलेना. तिप्पण्णा जमिनीवर बसला, वायर चाचपत गेला आणि तुटका जोड काढून हातात दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात म्हटलं, चला, उद्या गड्याला धीर येणार.

दुसऱ्या दिवशी तीन सेकंदांची सभा. बोलायचं असेल त्यानं मधल्या माइकपुढं रांगेत उभं राहायचं. तिप्पण्णा वेळेत उठला, रांगेत तिसरा लागला. मी मागच्या खुर्चीवर ताठ बसलो. एवढ्यात मागून एक पांढऱ्या केसांच्या बाई आल्या. तिप्पण्णा बाजूला सरकला आणि त्यांना पुढं केलं. मग एक काठीवाले आले, त्यांनाही पुढं केलं. मग एक टकलू. मी बसल्या जागी हात हलवून त्याला खुणावत होतो. त्याचं लक्षच नाही. सहा जण पुढं गेले, हा आपला शेवटी. मग अध्यक्ष घड्याळ बघून म्हणाले, वेळ संपली, रांग बंद. नियमाच्या बाजूनं हुंकार झाला, मोठा. विरोधात झाला, अगदी बारीक. तिप्पण्णा कागद धरून रांगेत तसाच उभा होता.

बाहेर आल्यावर माझा पारा चढला. "बोलणाऱ्याचा कोंडा विकतो, न बोलणाऱ्याचे गहू विकत न्हाईत! कामून सोडलास सगळ्यांना पुढं?"

"म्हातारी माणसं होती."

"मग?"

तो खाली बघत म्हणाला, "आमच्यात बैठक बसली की आधी मोठे बोलत्यात. धाकटा शेवटी. पण शेवटच्याला इचारल्याबिगर बैठक उठत न्हाई. कोण राहिलं का, असं इचारत्यातच. मला वाटलं इथंबी इचारतील."

मी हात टेकले. त्याच्या लिंगाप्पाच्या बैठकीत तो अगदी बरोबर वागला असता.

दुपारी जेवायला लहान जाळी चालवणाऱ्यांची एका कोपऱ्यातल्या खोलीत भेट होती. दहा-बारा माणसं. त्या पांढऱ्या केसांच्या बाई तिथं आल्या. नॉर्वेच्या होत्या. तिप्पण्णाला ओळखून म्हणाल्या, तुम्ही मला जागा दिलीत, तुमचं राहून गेलं. काय सांगायचं होतं? तिप्पण्णानं चारही वाक्यं म्हटली, एकही न अडखळता. बाईंनी जेवण थांबवून ऐकलं. मग त्यांनी सांगितलं, सभेतलं शेवटचं नसतं. सगळ्यांना ईमेल जातो त्या पत्रांच्या यादीवर दोन आठवडे हरकत घेता येते. पण नुसतं म्हणू नका, मोजून पाठवा.

औरादला परतल्यावर त्यानं बारा दिवस सोळा गावं मोजली. सकाळ, दुपार, संध्याकाळ. राजेश्वर गावच्या एका ओळखीच्याकडूनही आकडे मागवले. मी तक्ता टाइप केला आणि खाली ती चार वाक्यं टाकून पाठवून दिला. यादीवर आठवडाभर वादावादी चालली. शेवटी मसुद्यात एक ओळ वाढली: ज्याला हवं त्यानं हा आकडा बदलावा, कुणी बदलला नाही तर तीन. तळाशी आभाराच्या यादीत तिप्पण्णाचं नाव. मी त्या पानाची मोठी प्रत काढून दुकानात लावली आणि पेढे वाटले.

पुढची चार वर्षं येईल त्या गिऱ्हाइकाला मी हा किस्सा रंगवून सांगायचो. म्हाताऱ्यांना पुढं सोडणारा तिप्पण्णा, टकलू, काठीवाले, सगळं साभिनय. लोक हसायचे, तोही हसायचा. नवीन यंत्र आलं की तो टाकीवर चढून तीनाचं नऊ करून यायचा.

एकदा असाच किस्सा सांगून झाला. गिऱ्हाईक गेलं. तिप्पण्णा नुकताच टाकीवरून उतरून आला होता, हात पुशीत होता.

"सुनीलअप्पा, आपलं म्या बदलायलाव. जिथं बदलणारं कुणी न्हाई, तिथं तीनच असंल की."

"असेल."

"तिथली माणसं यंत्रापुढं बसत असतील. तुटलं की परत लावत असतील. कामून तुटतंय ते त्यांना कळत बी नसंल. त्या दिवशी म्या बोललो असतो तर नऊच लिहिलं असतं, कुणाला बदलाया लागलं नसतं." तो म्हणाला, "चार वर्षं झाली, रोज मनात येतंय."

त्याच्याइतकीच मलाही ती चार वाक्यं पाठ होती. माझी इंग्रजी त्याच्यापेक्षा बरी, आणि म्हाताऱ्यांना वाट द्यायची सवय मला कधीच नव्हती. पास माझ्याही गळ्यात होता. मी मागच्या खुर्चीवरून त्याला हात हलवून खुणावत राहिलो, उठलो मात्र नाही. विरोधाचा हुंकार भरायची वेळ आली तेव्हाही मी त्याच्यावर चिडण्यात गुंतलो होतो.

हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. एवढंच केलं, तो किस्सा सांगायचा सोडून दिला.