इंटरकॉमवरचं 'मार'

नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या कारखान्यात दोन शेड. आमच्या शेडमध्ये पार्ट तयार होतो, समोरच्या शेडमध्ये तो भट्टीत जातो. दोन्हीकडच्या कॉम्प्युटरला बाहेरची तार लावायची नाही, आपसातही जोडायचे नाहीत, असा साहेबलोकांचा हुकूम. मोबाइल, मनगटावरचं घड्याळ गेटवरच ठेवायचं. आणि कॉम्प्युटरची घड्याळं म्हणजे वात्रट पोरं, लक्ष नसलं की सरकलीच. मग नोंदीत पार्ट तयार व्हायच्या आधीच भट्टीतून भाजून निघालेला दिसतो आणि सगळा माल रद्द!

म्हणून रोज सकाळी समोरचा ऑपरेटर इंटरकॉमवर यायचा. त्याच्या कॉम्प्युटरचं घड्याळ खरं धरायचं. ते बघून तो ओरडायचा, "तीन, दोन, एक, मार!" मी ठरलेली वेळ टाकून ठेवायचो आणि 'मार' ऐकलं की एंटर दाबायचो. त्याच्या गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. "आधी थुक ना बे!" मी चिडायचो. "तुले काहून तरास होऊन राहिला गा?" म्हणून हसायचा. पुढे त्याचं तोंडच उघडेना. कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी अर्धी जीभ कापली.

तोंडाला रुमाल बांधून तो परत कामावर आला. त्याची बायको मला म्हणाली होती, "घरी भिंतीकडे तोंड करून बसून राह्यतात भाऊ. कामावर गेले तर बरे राह्यतात." साहेब म्हणाले, याचं बोलणं कोणाला कळतं, मोजायला दुसरा माणूस बसवा. माझं टाळकंच सरकलं. "मले समजते," मी म्हणालो. आणि खरंच समजायचं. तीनदा घशातून घुर्रर्र, चौथ्याला मी एंटर दाबायचो. माल बरोबर जात होता, साहेबही गप्प बसले.

काही महिन्यांनी तो घसाही बसत चालला. एका सकाळी इंटरकॉमवर काहीच ऐकू येईना. लाइन गेली असेल म्हणून मी समोर गेलो. तो रिसीव्हर कानाला लावून बसलेला. मला बघून त्याने भुवया उंचावल्या, ऐकलंस ना? म्हणजे त्याने मोजलं होतं. आपला आवाज बाहेर पडत नाही, हे त्याला ठाऊकच नव्हतं. "ऐकलं ना गा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्याच्या शेडमधल्या ताईला सांगितलं, तो यायच्या आधी तू मोज. तिने मोजलं, माझं घड्याळ लागलं.

"मंग भाऊ, त्यायले काहून मोजाले लावता?"

"ते नको विचारू वं ताई."

मग तो आला आणि त्याचा इंटरकॉम वाजला. मी एंटरवर बोट ठेवून बसलो. त्याचं तीन कधी झालं, एक कधी झालं, काही कळलं नाही. जरा थांबून म्हणालो, "बरोबर गा. सेकंदाचाही फरक नाही." पलीकडून रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज तेवढा स्पष्ट आला.