लाइट गेली की चालणारं ॲप

मे महिना संपत आला होता आणि ताईंच्या शेडमधलं कटिंगचं मशीन बंद होतं. टेबलावर खाकी कापडाचे थर अंथरलेले, त्यावर कटिंग मास्तर हात टेकून उभे, आणि समोरच्या स्क्रीनवर एक गोल चक्र नुसतं फिरतंय. ते चक्र माझं होतं. म्हणजे ॲप माझं होतं.

ताई माझ्या गिऱ्हाईक. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका गल्लीत त्यांचं शाळेच्या गणवेशांचं युनिट आहे. मिस्टर गेल्यावर घरातल्या दोन मशीनवर सुरू केलेलं काम त्यांनी एकटीनं पत्र्याच्या मोठ्या शेडपर्यंत आणलं. मीही असाच वर आलेलो. कुर्डुवाडीहून आलो तेव्हा माझ्याकडं डिग्री नव्हती, ओळख नव्हती. नेट कॅफेत वायरी जोडता जोडता प्रोग्रॅमिंग शिकलो. त्यामुळं ताईंशी घासाघीस करताना मजा आली. पुण्याच्या एका कंपनीनं त्यांना जो भाव सांगितला होता, त्याच्या निम्म्यात काम उचललं आणि वर होस्टिंगही माझ्याकडून, असं सांगून टाकलं. त्यांनी तरीही आणखी खाली ओढलं.

काम तसं साधं होतं. शाळेतल्या शिक्षकांनी मुलांची मापं फोनवरून भरायची. ती मास्तरांच्या स्क्रीनवर साइजप्रमाणे लागून यायची, की या शाळेच्या इतक्या हाफ पँटी या कमरेच्या. पूर्वी हे कागदावर चालायचं. मी ताईंना म्हणालो होतो, "कागद विसरा." त्या माझ्या शब्दावर खरंच विसरल्या. सीझनमधली सगळ्यात मोठी ऑर्डर करमाळ्याकडच्या एका शाळेची होती आणि तिची सगळी मापं फक्त ॲपमध्ये होती. शाळा उघडायच्या आत माल पोचला नाही तर हेडमास्तर पुढच्या वर्षी रेडीमेडवाल्याकडं जाणार, हे त्यांनी ताईंना स्वच्छ सांगून ठेवलं होतं.

माझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ॲप सुरळीत चाललं होतं. ते शेअर्ड होस्टिंगवर चढवलं आणि कटकटी सुरू झाल्या. शेअर्ड होस्टिंग म्हणजे एका सर्व्हरवर शेकडो भाडेकरू; नियम मालकाचे, आणि एकासाठी वेगळा नियम मिळत नाही. स्वस्त मात्र पडतं. मी होस्टिंगच्या सेल्सवाल्याला इतकं पिळलं होतं की शेवटी तो म्हणाला, सर, आता माझी नोकरी जाईल.

पहिल्या दिवशी कोरं पांढरं पान आलं. सर्व्हरवर पीएचपीची, म्हणजे ॲपच्या प्रोग्रॅमिंग भाषेची, जुनी आवृत्ती निवडलेली होती, ती बदलली. मग पाचशे नंबरची एरर आली. एका फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नव्हती, ती दिली. मग डेटाबेस जोडेना, तेही निस्तरलं. संध्याकाळी ॲप उघडलं तेव्हा ताईंनी स्क्रीनला हळदकुंकू वाहिलं आणि दारात नारळ फोडला. मास्तरांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत पहिली साइज वाचली. मी खूश होऊन घरी गेलो.

दुसऱ्याच दिवशी ताईंचा फोन. "दादा, तुमचं ॲप उघडंना की."

मी ऑफिसात उघडून बघितलं, उघडलं. "ताई, हितं तर चालतंय. तुमचा कॉम्प्युटर बघा."

"कॉम्प्युटर तुम्हीच दिलाय."

गेलो. शेडमध्ये उघडेना. खिशातला फोन घेऊन गल्लीत आलो, मोबाइलच्या नेटवर लगेच उघडलं. पुन्हा आत गेलो तर रेंजच गेली, कारण वर पत्रा आणि चहूबाजूंनी कापडाचे गठ्ठे. मी विचारलं, "आतलं इंटरनेट कुणाचं?"

"आपलंच की," ताई म्हणाल्या.

त्यावर मी पुढं काही विचारलं नाही. बाकीच्या वेबसाइट चालत होत्या, बातम्या दिसत होत्या, गाणी वाजत होती. फक्त माझंच बंद. म्हणजे दोष माझ्या कोडमध्ये नाहीतर होस्टिंगमध्ये. मी कोड उलटापालटा करत बसलो आणि तेवढ्यात लाइट गेली. थोड्या वेळानं आली आणि ॲप धडाधड चालायला लागलं. मास्तरांनी लगेच कटिंग सुरू केलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाललं, आणि पुन्हा ते चक्र.

हे असं रोज व्हायला लागलं. लाइट जाऊन आली की ॲप चालायचं, मग आपोआप मरायचं.

"दादा, सगळ्या सोलापुरात लाइट गेली की कामं बंद पडतात," ताई म्हणाल्या. "तुमचं एकटंच लाइट गेल्यावर चालू होतंय. कसलं ॲप म्हणायचं हे?"

मास्तर म्हणाले, "महावितरणला फोन करा ताई. म्हणावं, आमची रोज घालवत जा."

शेडमधल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मास्तर, तुम्ही कापडाचं बघा, माझं मी बघतो." मास्तर शांतपणे म्हणाले, "कापडाचंच बघायचंय हो. मापं द्या की."

ऑफिसातून मापं छापून आणता आली असती, पण कागद विसरा म्हणणारा मीच होतो. ताई थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. फोन घेऊन त्या गल्लीत उन्हात उभ्या राहिल्या आणि मापं वाचायला लागल्या. दारातली एक बाई ऐकून आत ओरडायची, आतली मास्तरांना सांगायची. बाहेर रिक्षा, आत ओव्हरलॉकच्या मशीनची घरघर. दुपारी कळलं की एक पूर्ण थर चुकीच्या कमरेवर कापला गेलाय. मोठा कापला असता तर बारीक करता आला असता. हा लहान कापला होता. ताई त्या तुकड्यांजवळ बसल्या आणि एकेक तुकडा नीट एकावर एक ठेवत राहिल्या. मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

त्या दिवशी मी होस्टिंगवाल्यांवर तुटून पडलो. चॅटवर एकच उत्तर यायचं, "आमच्या बाजूने साइट व्यवस्थित सुरू आहे." आणि लगेच खाली महागड्या प्लॅनची जाहिरात. फोनवर एकीला मी म्हणालो, "बाई, महागडा प्लॅन विकायला तुम्हीच बंद पाडताय ना?" तिनं फोन ठेवला. दुसऱ्याशी भांडलो. तिसरा माझी सगळी बडबड ऐकून म्हणाला, "साहेब, ज्या जागेवरून उघडत नाही, तिथल्या कनेक्शनचा आयपी पत्ता सांगता का?"

एवढा साधा प्रश्न आधी कुणी विचारला नव्हता. मी शेडमधून तो पत्ता, म्हणजे त्या लाइनचा इंटरनेटवरचा नंबर, काढून दिला.

"हा पत्ता आमच्या फायरवॉलनं अडवलाय," तो म्हणाला. "या लाइनवरून आमच्या मेल सर्व्हरवर सारखा चुकीचा पासवर्ड येतोय. काही वेळा चुकला की सिस्टिम त्या लाइनला हल्लेखोर समजते आणि सगळंच दार बंद करते. मेल, वेबसाइट, सगळं."

"मग काढा की तो अडसर."

"काढतो. पण पासवर्ड चुकतच राहिला तर परत लागणार. हा नियम सगळ्यांना सारखा, तुमच्यासाठी वेगळा करता येणार नाही."

लाइटचं कोडंही उलगडलं. लाइट गेली की इंटरनेटचा डबा बंद व्हायचा, आल्यावर त्याला नवा पत्ता मिळायचा. नव्या पत्त्यावर गुन्हा नसायचा, म्हणून ॲप चालायचं, ते तिथं पुन्हा चुकीचे पासवर्ड साठेपर्यंत.

"कुणाची मेल आहे?" मी विचारलं. त्यानं मेलचा पत्ता वाचून दाखवला आणि मी तो लगेच ओळखला.

तो पत्ता ताईंच्या शेजारच्या शेठचा होता. टॉवेलचा कारखाना आहे त्यांचा. मी शेडमध्ये जाऊन गठ्ठे बाजूला सारले. ताईंच्या डब्यातून निघालेली वायर भिंतीच्या भोकातून पलीकडं गेली होती.

"ताई, तुम्ही म्हणाला होता, आपलंच इंटरनेट."

"आपलंच हाय की. शेठचं कनेक्शन, निम्मं बिल मी देते. गल्लीत सगळे असंच करतात. त्यात सांगायचं काय?"

"मला आधी सांगायला पाहिजे होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही काम घेतलं असतं?"

नसतं घेतलं. हे शेठ माझे पहिले गिऱ्हाईक. त्यांची वेबसाइट मी केली, मेल मी याच होस्टिंगवर सुरू करून दिल्या, रविवारी बोलावलं तरी धावत गेलो. मग टॉवेलच्या एका प्रदर्शनात बाहेरच्या व्यापाऱ्यांसमोर त्यांनी माझी ओळख करून दिली, "हा आमचा केबलवाला." त्यांची अख्खी वेबसाइट मागच्या पडद्यावर चालू होती आणि ती करणारा केबलवाला. महिन्याभरात त्यांनी काम पुण्याला दिलं आणि फोनवर म्हणाले, "तुझं ते सगळं बंद करून टाक." मी केलं, मेलची खातीही पुसली. फक्त त्यांच्या वेबसाइटचं नाव माझ्या नावावर नोंदलेलं होतं, ते सोडलं नाही. पुण्याच्या कंपनीला दुसरं नाव घ्यावं लागलं. मी दरवर्षी पदरचं भरून ते जुनं नाव जिवंत ठेवत होतो. कधीतरी शेठना ते लागेल, मागायला येतील, मग भाव मी सांगीन. त्यांच्या दारात पाय ठेवायचा नाही, हेही तेव्हाच ठरवलं होतं.

म्हणजे झालं होतं असं. त्यांच्या ऑफिसातला कुठलातरी जुना कॉम्प्युटर पुसलेल्या खात्याचा पासवर्ड घेऊन, मी जिवंत ठेवलेल्या त्या नावावरून, अजून याच सर्व्हरचं दार वाजवत होता. लाइन तेव्हापासूनच अडवली जात असणार. पण त्या लाइनवरून माझ्याकडं येणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही.

मी म्हणालो, "ताई, नवीन कनेक्शन घ्या."

"विचारलं. वायर ओढायला आठवडा म्हणतात. आठवड्यानं शाळा उघडते." त्यांनी भिंतीकडं बोट केलं. "दादा, चार पावलांवर त्यांचं दार आहे."

गेलो. शेठ गादीवर बसले होते. मुनीमाकडं वळून तेलुगूत म्हणाले, बघ, स्वतःच्या पायानं आला. दोघं हसले. मला तेलुगू येत नाही असं त्यांना अजून वाटतं. या गल्ल्यांत घरोघरी तेलुगू, आणि इथंच भाव करून मी वर आलो. बोलत नाही, पण कळतं सगळं.

"या इंजिनिअर साहेब," शेठ मराठीत म्हणाले. "आज वाट चुकला का?"

"तुमच्या एका कॉम्प्युटरमुळं ताईंचं काम अडलंय." मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं.

मुनीम म्हणाला, "ते मशीन होय? त्याच्या स्क्रीनवर सारखा पासवर्ड मागणारा चौकोन येतो. मी कॅन्सल मारतो. दोन वर्षं मारतोय."

"मला पाच मिनिटं बसू द्या त्याच्यावर."

शेठ काहीच बोलले नाहीत. मला ही शांतता ओळखीची आहे. समोरचा स्वतःहून किंमत सांगेपर्यंत गप्प बसायचं. मीही असाच बसतो. पण त्या दिवशी पलीकडून ताईंच्या शेडमधल्या मशीनचा आवाज येत नव्हता. मी म्हणालो, "तुमचं ते जुनं नाव माझ्याकडं आहे. ते तुमच्या नावावर करून देतो. फुकट."

शेठनी माझ्याकडं खरोखर न समजून बघितलं. "कसलं नाव?"

मी सांगितलं.

"अरे, ते? ते कशाला आता? सगळी गिऱ्हाइकं नव्यावर येतात. तुझ्याजवळच असू दे." मग मुनीमाला म्हणाले, "बसू दे रे त्याला. आणि चहा सांग."

मी मशीनवर बसलो आणि मेलच्या प्रोग्रॅममधून ते जुनं खातं काढून टाकलं. दोन मिनिटांचं काम. चहा आला, तो तिथंच ठेवून उठलो. शेठ म्हणाले, "लहान मुलासारखं करतोस की." ज्या वस्तूवर मी इतकी वर्षं बसून होतो, तिला गिऱ्हाईकच नव्हतं. शिवी दिली असती तर इतकं लागलं नसतं.

होस्टिंगवाल्यानं लाइन मोकळी केली. त्यानंतर ॲप बंद पडलं नाही. मास्तरांनी जेवणही टेबलापाशीच उरकलं, बाया रविवारी आल्या. मी शेडमध्ये स्टुलावर बसून पान पुन्हा पुन्हा उघडून बघत होतो. लाइट गेली की सगळे माझ्याकडं बघायचे.

करमाळ्याचा माल गेला, पण पूर्ण नाही. चुकीच्या कापलेल्या थराचं कापड पुन्हा मागवावं लागलं आणि त्या हाफ पँटी मागं राहिल्या. शाळा उघडल्यावर त्यांचं पार्सल मीच गाडीत टाकून नेलं. ताई नको म्हणत होत्या. पोचलो तेव्हा मैदानावर प्रार्थना चालू होती. रांगांमध्ये खाकी पँटी, आणि मधेमधे निळ्या, चौकडीच्या, एक तर मोठ्या भावाची, दुमडून घातलेली. कुणाची मापं त्या दिवशी गल्लीतून ओरडून सांगितली गेली, ते मला लांबून दिसत होतं.

हेडमास्तरांनी प्रार्थना संपेपर्यंत मला थांबवलं. मग पार्सल ऑफिसात घेतलं आणि म्हणाले, "ताईंना म्हणावं, पुढच्या वर्षी मापं कागदावर घेऊ. आम्हाला तेच बरं पडतं."

मी म्हणालो, "सर, ॲपमध्ये काही खोट नव्हती." आणि सांगत सुटलो. शेअर्ड होस्टिंग, फायरवॉल, भिंतीतली वायर, मुनीमाचं कॅन्सल. त्यांनी माझं बोलणं मधे तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे चूक कुणाची?"

"शेजाऱ्याची," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले, आणि पार्सलची सुतळी सोडायला लागले.