लोहाऱ्याची पुढची गाडी

आमच्या धाराशिवच्या ऑफिसात प्रोग्रॅमर तीन आणि फॅन एक. फॅन बंद पडला की काम थांबतं आणि किस्से सुरू होतात. त्यामुळे कामं कमी झाली, किस्से भरपूर साठले.

हे लोहाऱ्याच्या ॲपचे. तिथले जीपवाले व्यंकटअण्णा यांना प्रवाशांसाठी ॲप हवं होतं: आत्ताची वेळ बघून लोहाऱ्याहून सुटणारी पुढची बस दाखवायची. सॉर्टेड मॅप म्हणजे नोंदी आपोआप क्रमानं लावून ठेवणारी यादी; तिच्यात ज्यानं क्रम लागतो ती key, आमच्याकडं बसची वेळ. काम दिलं नव्या महादेवला. डेमो फसला तर दुसरी नोकरी बघ, असं ऑफिसच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, त्याला तोंडावर सांगितलं होतं. बिचाऱ्याचं जेवणावरचं लक्षच उडालं.

*

महादेवचा पहिला कोड पहाटेच्या बसपासून एकेक key तपासत संध्याकाळपर्यंत यायचा. मॅप थेट पुढची key काढून देतो, मग ही पायपीट कशाला, असं मी विचारलं.

"रांग सोडून मधीच घुसायचं बरं दिसत न्हाय."

बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा माणूस हा!

*

मग सरांनी स्वतः हात घातला. चोवीस तासांच्या घड्याळातल्या वेळा त्यांनी आकडे म्हणून नाही, मजकूर म्हणून भरल्या. मॅपनं फक्त पहिलं अक्षर बघितलं आणि दहा, सतरा यांतला सुरुवातीचा एक बघून त्यांना नवाच्या आधी बसवलं. सकाळी नऊची बस संध्याकाळच्या सगळ्या बसनंतर गेली! आम्ही हे दाखवलं.

"प्रवाशांनी थोडं ॲडजस्ट करावं," सर म्हणाले.

*

टेस्टिंगला वैशालीताई. घड्याळात साडेपाच, आणि ॲप दाखवतंय साडेसहाची बस. महादेवनं 'आत्ताची किंवा नंतरची' key मागायच्या ऐवजी फक्त 'नंतरची' मागितली होती. त्याच्या मते साडेपाच वाजले म्हणजे साडेपाचची बस गेली.

ताईंनी चष्मा काढला. "साडेपाचची गाडी साडेपाचलाच जाती? तू इथलाच न्हवं?"

*

डेमोला आम्ही अण्णांच्याच जीपनं निघालो. जीप भरल्याशिवाय सुटेना. लोहाऱ्यात पोचलो तेव्हा शेवटची बस निघून गेली होती.

अण्णांच्या घरी बसून महादेवनं ॲप उघडलं. पुढं key नाही, म्हणून मॅपनं null, म्हणजे 'काहीच नाही', असं उत्तर दिलं. अशा वेळी काय दाखवायचं हे कुणी लिहिलंच नव्हतं. स्क्रीन कोरी. महादेवचा चेहरा उतरला. सर आपला मोबाइल पुसायला लागले.

म्हणजे आता बस नाही का, अण्णांनी विचारलं.

"न्हाय, अण्णा," महादेव कसाबसा बोलला.

अण्णा उठून दारापर्यंत गेले. बाहेरच्या जीपकडं बघितलं आणि परत येऊन बसले.

"हे लई झ्याक झालंय. दुपारपासनंच असं दिसंल का?"