लाल फुलीवरचा पिवळा रंग

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या हडपसरच्या शेडमध्ये सगळं घासूनपुसून रंगवायची पद्धत. वर्षभर ज्या यंत्रांकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्यांचे त्या दिवशी लाड. माझ्या वाट्याला पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश आला. लोखंडी प्लेटा क्रेनने उचलताना पकडायचे चार क्लॅम्प होते. त्यातल्या एकावर लाल फुली होती. आमच्या फिटरने, म्हणजे माझ्या मित्राने, ती मारली होती, कारण त्या क्लॅम्पचे दात झिजले होते आणि तो वापरायचा नव्हता. फुली मला दिसली. पण हात चालत होता, डब्यात रंग होता, रंगवून टाकली. साहेब म्हणाले, "वा, आता कसं कारखान्यासारखं दिसतंय!" मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

दसऱ्यानंतरच्या पहिल्याच पाळीत त्या क्लॅम्पमधून प्लेट सुटली आणि फिटरच्या डाव्या पावलावर पडली. बुटाचं लोखंडी टोक शाबूत राहिलं, त्यामागचं पाऊल नाही. अर्धं काढावं लागलं. मी दहा फुटांवर होतो. ओरडलो नाही, धावलो नाही, हातातला चहाचा कप धरून उभा राहिलो. पुढे चौकशी झाली, क्लॅम्प भंगारात गेला. रंग कुणी दिला हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तेव्हापासून दर रविवारी बसने वाघोलीला त्याच्या घरी जातो. मला रडू येत नाही. जेवण जातं, झोपही लागते. आत काही हलतच नाही, आणि त्याचीच भीती वाटते.

गेल्या रविवारी त्याच्या बायकोने चहा आणून दिला. "कंपनीतले तुमीच तेवढे येता, भाऊ," म्हणाली आणि आत गेली.

तो खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होता. "फुली मीच मारली होती न," तो म्हणाला. "पण नवा रंग पाहून मले वाटलं, दुरुस्त होऊन आला. म्हणून बिनधास्त जवळ उभा राहिलो." मग म्हणाला, "ज्यानं रंगवला, तो एकदाही भेटाले आला नाही."

चहावर साय धरली होती. मी ती बोटाने बाजूला केली.

"तो दर रविवारी येतो," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. बँडेजमधलं पाऊल तेवढं हळूच खुर्चीखाली ओढून घेतलं.