रेघ का घसरली

मंदावहिनी गेल्याचा दादाचा फोन आला, तेव्हा मी चाकणला कंपनीत होतो. "ती गेली रे…" एवढंच तो म्हणाला. आमच्या घरात नेमकं बोलण्याचं खातं वहिनीकडे होतं, त्यामुळे पुढचं त्याला सुचलं नसावं. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर 'पर्यावरणक्षेत्रातला तारा निखळला' असा मजकूर फिरू लागला. वहिनीने तो वाचला असता, तर 'तारा, पण कशाच्या तुलनेत?' असं नक्की विचारलं असतं.

ती ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. उरल्या वेळात तिला एकच नाद होता. कोणत्या देशाच्या पिकांमधून किती हरितगृह वायू हवेत जातात आणि वर्षानुवर्षं ते प्रमाण कसं बदलतं, याची तुलना. भाताच्या खाचरातून मिथेन, खतांमधून नायट्रस ऑक्साइड, पेंढा जाळला की आणखी काही… हे ती जेवताना सांगायची, त्यामुळे दुसऱ्यांदा भात घेताना चोरासारखं वाटायचं. "घ्या हो भाऊजी," ती म्हणायची, "तुम्ही उपाशी राहिलात म्हणून आलेखातली व्हिएतनामची रेघ खाली येणार नाही."

काही वर्षांपूर्वी चाकणच्या एका शेतीअवजारांच्या कंपनीने आपल्या प्रदर्शनासाठी तिच्याकडून असा आलेख करून घेतला. बदल्यात कॉलेजला संगणकांची प्रयोगशाळा मिळणार होती. ही प्रयोगशाळा वहिनी कितीतरी वर्षं मागत होती, आणि कॉलेजने तिला आजवर आश्वासनं आणि एक जुना प्रिंटर दिला होता. चाकणचे रस्ते माझ्या पायाखालचे, म्हणून आलेख पाहायला मीही सोबत गेलो.

पडद्यावर आलेख तिचाच होता. फक्त आफ्रिकेतल्या एका देशाची रेघ कंपनीने जाड, हिरवी केली होती. चढत चढत आलेली ती रेघ एका वर्षी कड्यावरून पडावी तशी खाली आली होती. त्याच सुमारास कंपनीची खत पेरणारी यंत्रं तिथे पोचली होती.

"मॅडम, हा आमच्या यंत्रांचा इम्पॅक्ट!" मोठे साहेब म्हणाले. टाळ्याही झाल्या.

वहिनी बसल्या जागेवरून म्हणाली, "साहेब, त्या वर्षी त्या देशाचे दोन देश झाले. बरीच शेतं दुसऱ्या नावावर गेली. दोघांची बेरीज करा, रेघ जिथल्या तिथे आहे."

"तळटीप टाकू ना, मॅडम. बारीक अक्षरात."

"मग माझं नाव काढा. बारीक अक्षरातसुद्धा नको."

परतताना मोशी आली. तेव्हा वहिनी म्हणाली, "पोरांना संगणक मिळाले असते हो…"

"अजून फोन करता येईल, वहिनी."

"आणि त्या संगणकांवर शिकवू काय?"

प्रयोगशाळा गेली ती गेलीच. प्रदर्शनात तो आलेख दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने झळकला. वहिनी मात्र दर वर्षी नव्या वर्गात फळ्यावर ती रेघ काढायची, आणि ती का घसरली ते पोरांनी शोधेपर्यंत उत्तर सांगायची नाही.

गेल्या आठवड्यात कॉलेजात शोकसभा झाली. हार मोठा होता, भाषण त्याहून मोठं. प्राचार्य म्हणाले, "मॅडमच्या काळात विभागातल्या उत्तीर्ण विद्यार्थ्यांची संख्या एका वर्षात दुप्पट झाली!"

मागच्या रांगेत एक मुलगी उभी राहिली. रडून तिचा आवाज बसला होता.

"सर, त्या वर्षी दोन विभाग एक केले होते."

प्राचार्य कागद चाळू लागले. दादाने मान वळवून त्या मुलीकडे पाहिलं, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ही तिच्याच वर्गातली."