तव्यापाशी पाहिलेले पिच्चर

चार बाया रोज सकाळी एका ओट्याभोवती उभ्या राहिल्या की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. नको म्हटलं तरी साचतात. पीठ पदरावरून झटकता येतं, हे झटकता येत नाहीत. म्हणून एकदाचे सांगून टाकते.

सावंगीला मेडिकलच्या पोट्टे-पोट्ट्यांसाठी, म्हणजे पोरापोरींसाठी, एक खासगी मेस आहे, तिथं आम्ही पोळ्या करतो. मी बेबी, चौथी पास. बाकी सुशीला, लता आणि दुर्गा. सगळ्या पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. पाठी गेल्या, गुडघे गेले, तोंडं तेवढी शाबूत आहेत. त्या तोंडांनी आम्ही घरी पाहिलेल्या पिच्चर-सिरियलींचा निकाल लावतो. आता मोबाइलवरचं सगळं टीव्हीवर लावता येतं, त्यामुळे मालाला तोटा नाही. पाहायला जीवच उरत नाही, ते वेगळं!

* * *

आमचं मत घ्यायला शिकलेले लोकही येतात बरं का. एक दिवस एक डॉक्टरीण पोट्टी ताट घेऊन आमच्याकडे आली. "मावशी, सुट्टीत पाहायला काहीतरी चांगलं सांगा ना."

मी म्हटलं, "सांगतो. पन अर्धंच सांगीन."

"अर्धं का?"

"मंग झोप लागते मले."

तिनंच मग एका सिरियलचं नाव घेतलं. ती मी पाहिली होती. भरलेलं घर, दोन सुना, तीन नणंदा, येणारे-जाणारे पाहुणे. चहा काय, नाश्ता काय! मी म्हटलं, "ते फालतू आहे. इतके लोक खाऊन राह्यले, अन् मोरीत एक भांडं दिसत नाई. खोटं आहे सारं. मी बंद केली."

"अहो मावशी, ती मर्डर मिस्ट्री आहे! खुनी कोण ते शोधायचं असतं!"

"खुनी मंग शोधा म्हना. आधी भांडे कोन घासते ते शोधा!"

पोट्टी हसत गेली. मला काही हसू आलं नाही. मी खरंच विचारलं होतं.

* * *

सुशीलाचा नवरा रिटायर्ड कंडक्टर. घरी रिमोट त्याच्याच हातात. पडद्यावर बाई-पुरुष जरा जवळ आले की हा गडी लगेच पिच्चर पुढं पळवतो. सून घरात, नातू घरात, म्हणून त्याला लाज! बरं, त्याला लाज नुसती त्याचीच नाही. कोणी शिवी दिली, पळव. कोणी दारू ओतली, पळव. नवऱ्यानं बायकोवर आवाज चढवला, तर ते सगळ्यात आधी पळव!

एका सकाळी सुशीला म्हणाली, "काल एक नवीन पिच्चर पाह्यला वं."

"कसा होता?"

ती पोळी उलटवत म्हणाली, "चांगला होता. पन लहान होता."

* * *

लताचा एकुलता एक मुलगा पुण्याला नोकरीत. त्यानं आपला पिच्चर-सिरियली पाहायचा पासवर्ड आईच्या मोबाइलवर टाकून दिला आणि मोकळा झाला. पासवर्ड दिला, पण फोन काही करत नाही. आईनं लावला तर "मीटिंगमधी आहो, आई."

लता दुपारी घरी गेली की टीव्ही सुरू करते. काय पाहिलं विचारलं तर तिला धड सांगता येत नाही. मी एकदा चिडले. "पाहतं तरी काय तू मंग? उगाच लाइट जाळतं!"

ती म्हणाली, "बेबीबाई, तो पासवर्ड एका टायमाले एकाच घरी चालते. मी इथं लावलं का तिकडं त्याचं बंद पडते. मंग पाच मिन्टात त्याचा फोन येते. आई, तू पाहून राह्यली का? मी म्हन्तो, हो बापा. जेवला का तू?"

त्या दिवशी लताच्या वाटच्या पोळ्या मीच लाटल्या.

* * *

आता दुर्गा. तिचा नवरा गेला त्याला वर्ष व्हायचं आहे अजून. तेराव्यापर्यंत टीव्ही लावायचा नाही, ही आपल्याकडची रीत, ती सगळेच पाळतात. पण तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, राहतो भिंतीला भिंत लागून शेजारच्याच घरात, पिपरी मेघेला. त्यानं हुकूम सोडला, वर्ष होईपर्यंत टीव्ही बंद. स्वतः येऊन टीव्हीवर चादर टाकून गेला. त्याच्या घरी मात्र क्रिकेटची मॅच चालू! भिंतीतून ऐकू येते म्हणे.

घरात दोघीच, दुर्गा आणि तिची म्हातारी सासू. दुर्गा म्हणाली, "आवाजच नाई वं घरात. भाजीले फोडनी देली तर मलेच दचकाले होते."

मग आम्ही ठरवलं, रोज आपण पाहायचं आणि हिला सांगायचं. जी सांगेल तिच्या वाटणीचं दुर्गा लाटेल. सुशीला एका इन्स्पेक्टरची सिरियल सांगायची, लता एका रडणाऱ्या सुनेची. एका आड एक दिवस. काही दिवसांनी दुर्गा तावातावानं म्हणाली, "त्या इन्स्पेक्टरले लाज नाई का? घरी बायको रडून राह्यली, अन् हा चोर शोधत फिरून राह्यला!"

सुशीलाच्या इन्स्पेक्टरचं लग्नच झालेलं नव्हतं. दुर्गानं दोन सिरियलींची एकच करून ठेवली होती! सुशीलानं तोंड उघडलं, मी तिला डोळे दाखवले. कारण खरं सांगू? दुर्गाची सिरियल आमच्या दोन्हींपेक्षा भारी होती. पुढं सुशीलाला बिचारीला त्या इन्स्पेक्टरचं लग्न लावून द्यावं लागलं, आणि लताला त्या सुनेचा नवरा पोलिसात भरती करावा लागला!

* * *

या इन्स्पेक्टरपायीच घात झाला. एका सकाळी सुशीला त्याची चालण्याची ढब करून दाखवत होती, पोट पुढं, लाटणं काखेत. दुर्गा हसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा, आणि अशी हसली की हातातली पोळी खाली पडली. नेमका तेव्हाच दूधवाला दारात. दूधवाला तिच्या गल्लीतला. संध्याकाळपर्यंत बातमी भासऱ्याच्या घरी.

त्यानं दुर्गाला अंगणात उभं करून सुनावलं, "घरात सुतक अन् बाहेर खिदळनं! पयल्या तारखेपासून मेसमधी जाऊ नको. लोक काय म्हनतीन?"

दुर्गा दुसऱ्या दिवशी आली, हे एवढं सांगितलं आणि लाटायला लागली. लतानं सिरियल सांगायला घेतली तर म्हणाली, "नको सांगू. मंग मेस सुटत नाई." घरी आवाज नाही, आता इथूनही उठवणार. रागानं मला पोळ्या दिसेनात. मी म्हटलं, "रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. आपन जाऊ तिच्या घरी. पाहतो मी त्या भासऱ्याले."

* * *

गेलो रविवारी तिघी. मी रस्त्यानं सगळं भांडण तोंडपाठ करत गेले. भासऱ्याच्या दाराला कुलूप. दादाजी बाहेर गेले, येतीनच, असं दुर्गा म्हणाली. मग दुर्गाकडे बसलो. तिची सासू बाजेवर, भिंतीला टेकून. कोपऱ्यात टीव्ही, त्यावर चादर. दुर्गानं चहा आणला. भांडण माझ्या तोंडात तसंच.

शेवटी म्हातारीच म्हणाली, "तुमी त्या पोया करनाऱ्या ना? हिले ईस्टोऱ्या सांगनाऱ्या?"

"हो, आजी."

"हे रातच्याले मले सांगते. सारं नाई सांगत पन. मधातच झोपते, थकून जाते."

दुर्गा खाली पाहायला लागली. म्हातारी म्हणाली, "तो इन्स्पेक्टर पोट पुढं काढून चालते म्हन्ते हे. कसा चालते, मले पाह्यचं आहे."

मी उठले आणि चादर ओढली. लतानं मोबाइल जोडला, इन्स्पेक्टर लावला. दुर्गा आवाज अगदी बारीक ठेवून दाराकडे पाहत बसली.

"वाढव," सासू म्हणाली.

"आई, दादाजी येतीन..."

"वाढव!"

वाढवला. इन्स्पेक्टर आला, पोट पुढं काढून चालला, चिखलात घसरून पडला. सुशीला हसली, लता हसली. आणि भासरा दारात! हातात पिशवी, चपलाही काढल्या नाहीत.

"आई! वर्ष नाई झालं अजून! लोक काय म्हनतीन?"

मी उभी राहिले. तोंड उघडणार, तोच म्हातारीनं मला हातानं खाली बसवलं. टीव्हीवरची नजर काढली नाही. म्हणाली,

"लोक बसले ना हे. विचार त्याईले."

भासऱ्यानं आमच्याकडे पाहिलं. आम्ही भासऱ्याकडे पाहिलं. दुर्गाचा हात रिमोटवर, तो हलला नाही.

"अन् आत ये नाई तं बाहेर जा," म्हातारी म्हणाली. "दार उघडं ठेवून टीव्हीवर उजेड पाडू नको, बापा. इन्स्पेक्टरचं तोंड दिसून नाई राह्यलं."