किल्ला क्लब खाली आला त्या वर्षी

कंधारच्या एसटी डेपोत नागसेन गजभारे एकवीस वर्षं मेकॅनिक आहे. बस आत येताना नुसता आवाज ऐकून तो कुठं काय बिघडलंय ते सांगतो, असं ड्रायव्हर मंडळी म्हणतात. पण गावात त्याला त्या कामावरून कुणी ओळखत नाही. गावात तो फुटबॉलवाला नागसेन.

नांदेडला आयटीआय करताना त्याला या खेळाचा नाद लागला. शिक्षण संपवून परत येताना त्याच्या पिशवीत दोन जोडी कपडे आणि एक फुटबॉल होता. किल्ल्याच्या खंदकापलीकडं मोकळी जागा होती. तिथले दगड त्यानं आणि त्याच्या दोस्तानं, सुदामनं, दोन उन्हाळे वेचले. सुदाम जवळच्याच खेड्यातला, पुढं डाकसेवक झाला. उंच, लांब हातांचा. तो गोलकीपर झाला, नागसेन झाला कोच, आणि किल्ला स्पोर्ट्स क्लब असं नाव एका पाटीवर रंगवून दोघांनी ती बाभळीला टांगली.

पुढच्या पंधरा वर्षांत क्लब वाढला. विभागाच्या लीगमध्ये बी डिव्हिजनात खेळू लागला, कधी चौथा, कधी सातवा. सकाळी मॅच असली की खंदकाच्या कडेला शे-दोनशे माणूस बसायचं. नागसेनची आई नागुबाई भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसायची आणि सुदामनं बॉल अडवला की शेजारणीला म्हणायची, "ते लंबं पोरगं आपलंच हाय."

मग चार वर्षांमागं एक नवल घडलं. राजशेखर नावाचा निलंग्याकडचा पोरगा कंधारला कॉलेजात आला. त्याच्या पायात जादू होती. त्या वर्षी क्लब बी डिव्हिजनात पहिला आला आणि ए डिव्हिजनात गेला. गुलाल उधळला, मिरवणूक निघाली, क्लबचे अध्यक्ष अण्णाराव, ज्यांचं मोंढ्याजवळ बी-बियाण्याचं दुकान आहे, ते मिरवणुकीत चक्क नाचले.

नागसेनचे वाईट दिवस तिथूनच सुरू झाले.

ए डिव्हिजनचे नियम वेगळे. मैदानाला कुंपण पाहिजे, हिरवळ पाहिजे, कपडे बदलायला खोल्या पाहिजेत. कंधारच्या मैदानात यातलं काहीच नव्हतं. म्हणून क्लबचे घरचे सामने नांदेडला व्हायला लागले, पन्नास किलोमीटरवर. खंदकाच्या कडेला बसणारं माणूस एवढ्या लांब कुठलं जातंय? घरचा सामना असूनही टाळी वाजवायला चार जण नसायचे. त्यात पहिले सहा सामने क्लब हरला, एक तर सात गोलांनी. अण्णाराव म्हणाले, आपली पोरं कमी पडतेत, बाहेरून खेळाडू आणू. परभणीकडून एक गोलकीपर आला, इकडून तिकडून अजून पाच जण आले. ते सामन्याला थेट मैदानावर यायचे आणि सामना संपला की तिथूनच जायचे. गावची पोरं बाकावर बसायला लागली, आणि पुढं बाकावरही येईनाशी झाली.

सुदामला बसवायचं ठरलं तेव्हा त्याला सांगायला नागसेन स्वतः गेला नाही. पाटीवर संघाची यादी लावली, त्यात सुदामचं नाव नव्हतं. सुदामनं ती वाचली, बूट काढून हातात घेतले आणि सायकलवर बसून निघून गेला. त्यानंतर अडीच वर्षं तो नागसेनशी बोलला नाही. डेपोत टपालाची पिशवी घ्यायला यायचा, तोंड फिरवून जायचा.

क्लब दोन वर्षं कसाबसा ए डिव्हिजनात टिकला. सामने रविवारी असायचे; तिसऱ्या वर्षी नागसेनला आदल्या दिवशी, शनिवारी, जेवण जाईनासं झालं. बायको लुंबिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिनं त्याला जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं, तर रक्तदाब वाढलेला. "खेळ खेळताय की शिक्षा भोगताय?" ती म्हणाली. तो म्हणाला, "हा सीझन निघू दे."

सीझनचा शेवटचा सामना लातूरला होता. खालचे दोन संघ बी डिव्हिजनात उतरणार होते. किल्ला क्लबला बरोबरी पुरत होती. सकाळी साडेआठला सामना सुरू झाला. राजशेखरनं विसाव्या मिनिटाला गोल केला, लातूरवाल्यांनी हाफटाइमच्या आधी फेडला, आणि मग पाऊण तास किल्ला क्लबची सगळी पोरं आपल्याच गोलसमोर उभी राहून येईल तो बॉल लांब भिरकावत राहिली. नागसेन रेषेजवळ उभा होता. शेवटची चार मिनिटं उरली असताना लातूरला कॉर्नर मिळाला. बॉल आला, दोघा-तिघांच्या डोक्यावरून गेला, त्यांच्या एका बुटक्या खेळाडूच्या गुडघ्याला लागला आणि जाळीत शिरला. अगदीच भोंगळ गोल.

नागसेन मटकन खाली बसला. सगळ्यांना वाटलं, माणूस खचला. लातूरचा कोच येऊन पाठीवर हात ठेवून गेला. पण नागसेनला जे वाटत होतं ते त्याला कुणालाच सांगता आलं नसतं. त्याचा जीव भांड्यात पडला होता. तीन वर्षं खांद्यावर घेतलेलं पोतं कुणीतरी मागून अलगद उतरवून घ्यावं, तसं त्याला झालं होतं. आणि तसं झालं म्हणून त्याला शरमही वाटत होती.

परतीला अहमदपुरात चहाला गाडी थांबली. बाहेरचे खेळाडू लातूरहूनच गेले होते, गाडीत गावचेच नऊ जण होते. नागसेन हात धुऊन आला तर पोरं भज्यांच्या प्लेटीभोवती उभी राहून त्या गुडघ्याच्या गोलाची नक्कल करून राहिली होती. एकानं तोंड वेडंवाकडं केलं, दुसरा हसून हसून बाकावर आडवा झाला. मग त्यांना कोच दिसला आणि सगळी एकदम गप्प झाली.

"हसा की," नागसेन म्हणाला, "मी काय दुखवट्याला आलो न्हाई." आणि त्यानंही एक भजं उचललं. परतीच्या वाटेवर पोरं हसलेली त्यानं तीन वर्षांत पाहिली नव्हती.

हे एवढ्यावर निभावलं असतं. पण दहा दिवसांनी दुपारी अण्णाराव डेपोच्या गेटात उभे. चेहरा फुललेला, हातात कागद.

"नागसेन, वाचलो आपण. वरच्या एका संघानं नाव काढून घेतलं. त्यांची जागा आपल्याला देऊन राहिलेत. शुक्रवारपर्यंत हो म्हणून कळवायचं, बस."

हातातला पाना नागसेननं उगीचच फडक्यानं पुसला. "विचार करून सांगतो, अण्णाराव."

"त्यात विचार कसला करायचा?"

"शुक्रवारपर्यंत वेळ हाय ना," नागसेन म्हणाला.

संध्याकाळी त्यानं लुंबिनीला सगळं सांगितलं. लातूरच्या मैदानावर खाली बसताना मनात काय आलं होतं, तेही पहिल्यांदाच सांगितलं. ती वह्या तपासत होती. पेन बंद करून म्हणाली, "माझ्या वर्गात एक मुलगी आहे. दर वर्षी वरच्या वर्गात ढकलत आणलेली. वाचता येत नाही आणि वाचता येत नाही हे सांगताही येत नाही, म्हणून ती बोलतच नाही. परवा तिला दुसरीचं पुस्तक दिलं. अक्षर अक्षर लावत तासभर त्यातून मान वर केली नाही तिनं. तुमच्या खेळातलं मला कळत नाही. पण तुम्हाला बरं वाटलं यात लाज वाटण्यासारखं काय आहे?"

"मला बरं वाटलं म्हणून क्लबचं बरं झालं असं थोडंच हाय," नागसेन म्हणाला. "मी दमलो म्हणून सगळ्यांना खाली नेऊ?"

"मग सगळ्यांना विचारा."

सगळ्यांत आधी कुणाला विचारायचं ते त्याला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून तो सुदामच्या गावी गेला. सुदाम गोठ्यासमोर म्हशीला पेंड चारत होता. त्यानं वर पाहिलं, बस म्हणाला नाही.

"कीपर पळाला का तुझा?" सुदामनं विचारलं.

"हाव, गेला. पण त्याच्यासाठी न्हाई आलो. तुला तोंडानं सांगायला पाहिजे होतं. यादी लावली. चुकलो."

सुदामनं म्हशीपुढं अजून पेंड टाकली. मग म्हणाला, "अडीच वर्षं लागली व्हय एवढ्याला?"

"लागली खरी."

मग नागसेननं कागदाची गोष्ट सांगितली. सुदामनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हरायला भितोस म्हणून खाली चाललास का?"

नागसेन खरं तेच बोलला. "हरायची भीती तर बी डिव्हिजनातबी हाय. तिथंबी हरूच. पण तिथं हरलो तर आपण हरू. वर कोण हरून राहिलंय तेच मला कळेनासं झालंय."

सुदामनं आत बघून आवाज दिला, "चहा टाका जरा."

गुरुवारी शाळेच्या एका वर्गात बैठक झाली. गावचे खेळाडू, जुने खेळाडू, अण्णाराव. नागसेननं दोन्ही बाजू मांडल्या. वर राहिलो तर नाव राहील, मोठे संघ बघायला मिळतील. खाली गेलो तर आपलं मैदान, आपली माणसं, आणि खेळायला मिळेल ते बाकावरच्यांना. तो खाली बसला तसा राजशेखर उठला. बावीस वर्षांचा, कधी फार न बोलणारा पोरगा.

"दादा, मला तर वरच खेळायचंय," तो म्हणाला. "मी वरच शिकलो. तिथं मला मारून मारून शिकवलं त्यांनी. खाली गेलो तर मी हाय तिथंच राहीन."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मग हात वर झाले. अकरा जण खाली जायच्या बाजूनं, सहा वरच्या. अण्णारावांचा हात वरच्या बाजूला होता. ते कागदाची घडी घालून उठून गेले.

नागसेननं राजशेखरला बाहेर गाठलं. "लातूरच्या कोचचा नंबर हाय माझ्याकडं. त्यानं सामन्यानंतर तुझंच इचारलं होतं. मी बोलतो."

"तुम्ही रागावले न्हाई ना?"

"तू गेल्यावर गोल कोण मारील याची काळजी हाय. रागाचं काय त्यात."

राजशेखर लातूरला गेला. नागसेनला त्याचं वाईट वाटलं आणि ते वाईट वाटणं पुष्कळ दिवस टिकलं. अण्णारावांनी महिनाभर फोन उचलला नाही.

नवा सीझन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी नागसेन आणि सुदाम मैदानावर दोरी धरून रेषा आखत होते. तेवढ्यात एक ॲपे रिक्षा आली आणि पांढऱ्या फक्कीची चार पोती उतरवून गेली. अण्णारावांनी पाठवली होती. निरोप काही नव्हता.

पहिला सामना निलंग्याच्या संघाशी. तीन वर्षांनी कंधारात सामना होता. नागसेन सात वाजता आला तर खंदकाच्या कडेला माणसं आधीच जागा धरून बसलेली. नागुबाईला आता गुडघ्यांमुळं चालवत नव्हतं, लुंबिनीनं तिला स्कूटरवर आणून खुर्चीत बसवलं. पंधराव्या मिनिटाला सुदामच्या हातून साधा बॉल निसटला आणि निलंग्याचा गोल झाला. चाळिशीचा कीपर, अडीच वर्षांनी उभा राहिलेला. काठावर कुणीतरी हसलं. सुदामनं हातमोजे झटकले, नागसेनकडं पाहिलं आणि खांदे उडवले. नागसेननंही उडवले. मागच्या वर्षी अशा वेळी त्याच्या छातीत कळ आली असती.

दुसऱ्या हाफमध्ये किल्ला क्लबनं दोन गोल केले. दोन्ही अशा पोरांनी, ज्यांना तीन वर्षांत मिळून तासभरही मैदान मिळालं नव्हतं. शेवटी सुदामनं एक बॉल आडवं झेपावून बोटांनी बाहेर काढला आणि उठताना कंबर धरून बसला. सामना क्लबनं दोन-एकनं जिंकला. अण्णाराव कडेच्या झाडाखाली उभे होते. नागसेन जवळ गेला तेव्हा म्हणाले, "दुसरा गोल चांगला होता," आणि बराच वेळ त्या गोलाबद्दलच बोलत राहिले.

तो सीझन काही गोड गोड गेला नाही. राजशेखरशिवाय कित्येक सामन्यांत गोलच होईना. उदगीरला जाऊन क्लब तीन गोलांनी हरला. पण हरल्याच्या दुसऱ्या दिवशीही सरावाला पोरं येत होती, आणि सीझनच्या मध्यावर संध्याकाळच्या सरावाला बत्तीस जण जमायला लागले. दवाखान्यात डॉक्टरांनी नागसेनचा रक्तदाब दोनदा मोजला आणि गोळी अर्धी केली. लातूरहून राजशेखरचा फोन येई. पहिले दोन महिने तो बाकावरच होता, मग संघात आला, मग एके दिवशी त्यानं दोन गोल केल्याचं सांगितलं. त्या दिवशी नागसेननं अख्ख्या डेपोला पेढे वाटले.

शेवटी किल्ला क्लब तिसरा आला. पहिले दोन वर जाणार होते, आणि दुसऱ्या संघापेक्षा त्यांचा एकच गुण कमी पडला. शेवटचा सामना बरोबरीत सुटल्यावर नागसेन मैदानावर उभा राहिला आणि त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला चांगलंच लागलंय. जिंकायला हवं होतं. त्या एका गुणासाठी त्याला चुटपुट लागली होती, आणि त्या चुटपुटीचंच त्याला हायसं वाटत होतं. लातूरला हरल्यावर त्याला असलं काही वाटलं नव्हतं.

"उदगीरचा सामना नडला," सुदाम कंबर चोळत म्हणाला. "पुढच्या साली मैदानाला कुंपण घालायचं का? वर जायची वेळ आली तर अडायला नको."

"अण्णारावांना इचारू," नागसेन म्हणाला. "आन तुझ्याजागी एखादा कीपर तयार करायला घे आता. यावेळी मी तोंडानं सांगून राहिलो."

सुदाम मोठ्यानं हसला. मग दोघं गोलची जाळी सोडायला गेले.